एक शब्द धरा आणि 'कशावरून' विचारा: हायस्कूलमधे इंग्रजी साहित्य आणि शब्द एकत्र कसे शिकवायचे

आठवीच्या वह्या तपासत होते, विषय होता माय ग्रँडफादर. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावातला मुलगा, घरात भजनाची जुनी परंपरा, आणि त्याने लिहिलं होतं, माय ग्रँडफादर इज नोटोरियस इन अवर व्हिलेज फॉर सिंगिंग भजन. मी लाल पेन उचललं आणि मग माझीच जुनी नोट आठवली. त्याआधीच्या महिन्यात मी फळ्यावर पंचवीस शब्दांची यादी लिहून दिली होती, त्यात नोटोरियस म्हणजे प्रसिद्ध असं मीच घाईत लिहिलेलं. 'कु' राहून गेला होता. मुलाने माझा शब्द प्रामाणिकपणे पाठ केला आणि आपल्या आजोबांना, ज्यांच्याबद्दल त्याला एवढा अभिमान आहे, कुप्रसिद्ध करून टाकलं. चूक पूर्णपणे माझी होती, आणि ती फक्त 'कु' राहिला एवढीच नव्हती, शब्द यादीत देऊन टाकायचे आणि धडा वेगळा शिकवायचा ही पद्धतच चुकीची होती.

त्यानंतर बरीच वर्षं वेगवेगळं करून बघितलं आणि आता ज्या पद्धतीवर येऊन थांबलेय ती इथे नीट लिहिते. नवीन लागलेल्या शिक्षकांना उपयोग होईल, विशेषतः आपल्याकडे, जिथे मूल चौथीपर्यंत मराठीत किंवा कोंकणीत शिकतं आणि पाचवीपासून एकदम सगळं इंग्रजीत. अशी मुलं नववीत येतात तेव्हा त्यांना विचार करता येत नसतो असं अजिबात नाही. विचार भरपूर असतो, तो बाहेर काढायला इंग्रजी शब्द नसतो, आणि आपण शब्द नाही म्हणून विचारच नाही असं धरून चालतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की शब्द शिकवणं आणि कवितेचा किंवा धड्याचा अर्थ उलगडणं ही दोन कामं नाहीतच. शब्दावर बोट ठेवलं की धडा उघडतो आणि धड्याबद्दल काहीतरी सांगायची ओढ लागली की नवा शब्द हवासा वाटतो. म्हणून दोन्ही एकाच तासाला करा.

सुरुवात छोट्या तुकड्याने करा

अख्खा धडा घेऊ नका. तीन-चार वाक्यं पुरतात, आणि ती सोप्या शब्दांची असावीत, म्हणजे मूल शब्दार्थात अडकत नाही आणि लिहिणाऱ्याने काय केलंय तिकडे त्याचं लक्ष जातं. मी वर्षाच्या सुरुवातीला पाठ्यपुस्तकाला हातच लावत नाही, मी स्वतः लिहिलेली तीन वाक्यं फळ्यावर लिहिते. ती अशी:

द लास्ट बस वॉज लेट अगेन. आजी फोल्डेड हर अंब्रेला, देन ओपन्ड इट, देन फोल्डेड इट अगेन. 'ही विल कम,' शी सेड टु द रोड.

एवढंच. यातला एकही शब्द नववीच्या मुलाला अवघड नाही. पहिल्यांदा मी मोठ्याने वाचते, तेव्हा सगळ्यांची पेन्सिल खाली. दुसऱ्यांदा मुलांपैकी कोणी वाचतं. तिसऱ्यांदा सगळे मनात वाचतात आणि जे खटकेल, वेगळं वाटेल, त्याच्याखाली रेघ मारतात. इथे एक काळजी घ्या, पहिला प्रश्न थीम काय, मॉरल काय असा विचारू नका, तो विचारला की वर्ग गप्प होतो आणि हुशार तीन मुलं गाईडच्या भाषेत बोलायला लागतात. पहिला प्रश्न एवढाच विचारायचा, की काय दिसलं?

आमच्या वर्गात काय झालं ते सांगते. मुलं म्हणाली म्हातारी दिसली, छत्री दिसली, रस्ता, संध्याकाळ. मी म्हटलं संध्याकाळ कशावरून? तर म्हणे लास्ट बस आहे ना टीचर, गावची शेवटची बस रात्रीचीच असते. छान. मग एक म्हणाला पाऊस पडतोय. दुसरा म्हणाला नाही पडत, पडत असता तर ती छत्री मिटेल कशी? तिसरी म्हणाली थांबून थांबून पडतोय म्हणून उघडते-मिटते. चौथी शांतपणे म्हणाली पावसाचा संबंधच नाही, तिच्या हाताला चाळा लागलाय. या पावसाच्या वादात दहा मिनिटं गेली आणि मी ती जाऊ दिली, कारण प्रत्येक जण परत परत फळ्याकडे बघून बोलत होता. आपल्याला शिकवायचंय ते हेच आहे.

'कशावरून' हा शब्द मी वर्गात इतका वापरते की मुलं आता एकमेकांना विचारतात. इंग्रजीत ज्याला एव्हिडन्स म्हणतात, क्लोज रीडिंग म्हणतात, त्या सगळ्याचं बीज आपल्या या एका साध्या प्रश्नात आहे. घरी आई विचारते, तो रागावलाय कशावरून? आणि आपण सांगतो, जेवताना एक शब्द बोलला नाही, ताट आपटलं. हे ॲनालिसिसच आहे. मुलाला हे आधीपासून येतं, तुम्ही फक्त त्याला दाखवून द्या की बाबा, तू घरी जे करतोस तेच इथे कागदावरच्या माणसांबद्दल करायचंय.

मग मी रेघा मारलेले शब्द विचारते. 'ही विल कम' मधल्या 'ही' या शब्दाखाली फार थोड्यांनी रेघ मारलेली असते. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने, जी एरवी तोंड उघडत नसे, हात वर केला आणि म्हणाली, टीचर, बस असती तर इट विल कम झालं असतं. वर्ग एकदम शांत. कारण तोवर सगळे बसची वाट बघणारी आजी असंच धरून चालले होते, आणि आता कळलं की ती बसमधून येणाऱ्या कोणाचीतरी वाट बघतेय. मग लगेच कोंकणीत प्रश्न, टीचर, ती कोणाची वाट पळयता? मी सांगितलं, लिहिलेलं नाही, आणि लिहिलेलं नाही हेही महत्त्वाचं आहे. बघा, सर्वनाम हा व्याकरणाचा किती कोरडा भाग आपण समजतो, पण त्या दिवशी ही आणि इट यातला फरक पुन्हा शिकवायची गरजच उरली नाही.

नंतर 'टु द रोड'. इथे मी बदलून बघायचा खेळ घेते आणि हा खेळ मला सगळ्यात उपयोगी वाटतो. शब्द काढा, दुसरा घाला, काय हरवलं ते सांगा. शी सेड टु हरसेल्फ असं लिहिलं तर? मुलं म्हणतात, मग ती नुसती पुटपुटतेय. शी सेड टु द कंडक्टर? मग शेजारी माणूस आहे, ती एकटी नाही. आणि टु द रोड? ऐकायला कोणीच नाही, रस्ता उत्तर देत नाही, आणि तो येणार त्याच रस्त्याने, म्हणून रस्त्यालाच सांगतेय. शेवटचं वाक्य एका मुलाने जसंच्या तसं असं मराठीत म्हटलं, मी ते फळ्यावर मराठीतच लिहून ठेवलं. इंग्रजीच्या तासाला फळ्यावर मराठी लिहायला घाबरू नका. मी सुरुवातीची काही वर्षं घाबरायचे, इन्स्पेक्शनला कोणी आलं तर काय म्हणतील असं वाटायचं.

आता शब्द द्या, कारण आता गरज आहे

आजीला काय वाटतंय हे विचारलं की मुलं मराठीत आणि कोंकणीत भराभर सांगतात. जीव खालीवर होतोय, घालमेल चाललीय, आशा सोडली नाही, स्वतःचीच समजूत घालतेय. हे सगळं फळ्याच्या डाव्या बाजूला लिहा. मग उजव्या बाजूला एकेकाला इंग्रजी शब्द द्या. हातापायाची चुळबूळ, छत्रीची उघडझाप, ती रेस्टलेस. मनातली धास्ती, ती अँक्शस. आशा म्हणजे होपफुल. आणि समजूत घालणं म्हणजे रिअश्युअर, शी इज रिअश्युअरिंग हरसेल्फ. रेस्टलेस आणि अँक्शस यात फरक काय हे मुलांनाच विचारा, ती सांगतात की माणूस रेस्टलेस असला तर लांबून दिसतो, अँक्शस असला तर जवळच्यालाच कळतो. शब्दकोशात इतकं छान लिहिलेलं नसतं.

यात झालं काय, तर मुलाकडे आधी सांगायचं काहीतरी होतं आणि त्याला शब्द कमी पडत होता, तेवढ्यात तो मिळाला. असा मिळालेला शब्द मूल विसरत नाही. पुढे दोन महिन्यांनी एका मुलीने स्वतःच्या निबंधात लिहिलं, माय मदर रिअश्युअर्ड मी बिफोर द ऑपरेशन, आणि शब्द इतका नेमका बसला होता की मला पान उलटवेना.

आठवड्याला सहा ते आठ शब्द खूप झाले. पंचवीस नको. आणि कुठले शब्द निवडायचे याचा माझा नियम सांगते. अगदी साधे शब्द, टेबल, हँगिंग, वेट, ते सोडून द्या, येतात. अगदी खास एखाद्या विषयाचे शब्द, म्हणजे जहाजाच्या शिडाच्या दोरीचं नाव वगैरे धड्यात आलं, तर अर्थ सांगा आणि पुढे चला. मधले शब्द पकडा, जे कथेत येतील, पेपरात येतील, इतिहासाच्या पुस्तकात पण येतील. रिलक्टंट, रिव्हील, कॉन्ट्रास्ट, हेझिटेट, फ्रॅजाइल, परसिस्ट असले. यांच्यावर घातलेला वेळ फुकट जात नाही.

शब्द दिला की त्याचं कुटुंब पण द्या, म्हणजे हेझिटेट, हेझिटेशन, हेझिटंट, पण एकाच दिवशी नको, शब्द वापरात आला की मग. आणि शब्दाची सोबत द्या. हेवी रेन म्हणतात, स्ट्राँग रेन म्हणत नाहीत. टी मात्र स्ट्राँग असते. आपण पण मुसळधार पाऊस म्हणतो, घट्ट पाऊस म्हणत नाही. भाषेत काही शब्द एकमेकांच्या घरी येऊन-जाऊन असतात हे मुलांना लगेच पटतं.

छटा शिकवायच्या असतील तर मराठीतून जा

कॉनोटेशन हा शब्द इंग्रजीत समजावत बसलात तर तास संपेल. त्यापेक्षा फळ्यावर लिहा: सडपातळ, बारीक, किडकिडीत, हडकुळा. विचारा, लग्नाच्या स्थळाची माहिती सांगताना यातला कुठला शब्द वापराल? वर्ग हसतो आणि एकमुखाने सडपातळ. आजारातून उठलेल्या माणसाला? हडकुळा म्हटलं तर त्याला वाईट वाटेल, खराब झालाय म्हणू. वजन तेच, माणूस तोच, बोलणाऱ्याचं मन वेगळं. आता याच्या शेजारी स्लिम, थिन, स्किनी, बोनी लिहा आणि जोड्या लावू नका, क्रम लावायला सांगा, कौतुकापासून टोचण्यापर्यंत. मग धड्यात लेखकाने एखाद्याला बोनी म्हटलं की मूल स्वतःच विचारतं, लेखकाला हा माणूस आवडत नाही का? की त्याची कणव येतेय? तिथून खरा धडा सुरू होतो.

असंच वयस्कर, म्हातारा, थेरडा. असंच हुशार, चलाख, धूर्त, लबाड, आणि त्याच्या बाजूला क्लेव्हर, स्मार्ट, श्रूड, कनिंग. माझ्या नोटोरियसची चूक पण इथेच दुरुस्त झाली असती, फेमस, वेल-नोन आणि नोटोरियस एका ओळीत लिहिले असते तर.

अलंकार तर मुलांना येतातच

ज्यांनी मराठी विषय घेतलाय त्यांना उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती, अनुप्रास, अतिशयोक्ती हे माहीत असतं, पण मराठीचा तास संपला की ती ते दप्तरात ठेवतात आणि इंग्रजीच्या तासाला सिमिली, मेटाफर, पर्सोनिफिकेशन, ॲलिटरेशन, हायपरबोली ही नवी पाच संकटं समजून पाठ करतात. पहिल्याच दिवशी सांगून टाका की ही तीच मंडळी आहेत. फक्त दोन ठिकाणी सावध. उत्प्रेक्षेला इंग्रजीत शाळेच्या पातळीवर वेगळं नाव नाही, 'जणू काही' वालं वाक्य पण सिमिलीतच मोजतात, ॲज इफ आलं की सिमिली म्हणा. दुसरं म्हणजे ॲलिटरेशन. आपल्याकडे अक्षर तोच आवाज असतो, इंग्रजीत तसं नाही. सिटी आणि सन यांची सुरुवातीची अक्षरं वेगळी पण आवाज एकच, म्हणून ते जुळतात. काइट आणि नाइफ दोन्ही 'के' नेच लिहितात, पण नाइफमधला 'के' मुका, म्हणून जुळत नाहीत. मुलांना सांगा कानाने शोधा, डोळ्याने नको.

अलंकार ओळखला म्हणजे काम झालं असं मात्र होऊ देऊ नका, कारण बहुतेक उत्तरं तिथेच संपतात. यासाठी मी मुद्दाम आपल्या मातीतलं उदाहरण घेते. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट पंथाचा धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला, आणि त्याचं क्रिस्तपुराण १६१६ साली राचोलला छापलं गेलं, ते पण ओवीत. त्यात मराठीची स्तुती आहे, दगडगोट्यांत रत्न तशी, फुलांत मोगरी तशी, सुवासांत कस्तुरी तशी भाषांत मराठी. मुलांना आधी याचंच नवल वाटतं की एक इंग्रज माणूस आपली भाषा शिकायला धडपडला आणि त्यात एवढं मोठं लिहिलं, जशी आपण त्याची शिकतोय. मग विचारते, सगळ्या उपमाच आहेत, ठीक, पण भाषा तर कानाने ऐकायची गोष्ट, मग तो वासाची तुलना का करतो? एक मुलगा म्हणाला, मोगऱ्याचा वास खोलीत कुठून आला कळत नाही पण सगळीकडे असतो, भाषा पण तशीच असते. दुसरी म्हणाली कस्तुरी लपवली तरी कळते. मी त्यांना म्हटलं आता हेच इंग्रजीत दोन वाक्यांत लिहा. मोडकंतोडकं लिहिलं, पण त्यात विचार होता, आणि गाईडमधे असलं उत्तर कुठेच सापडणार नाही.

सिम्बॉल शिकवायला चवथीची माटोळी घ्या. गणपतीच्या वर सुपारी, नारळ, तोरिंजन, चिबूड, आंबाडे, रानातली फळं बांधतात, कशाला? खायला तर नाही बांधत. मुलं सांगतात, रानात पिकलं ते आधी देवाला दाखवायचं. मग ते फळ आता नुसतं फळ राहिलं का? नाही. झालं, सिम्बॉल म्हणजे काय ते कळलं. नंतर कवितेतला दिवा, पूल, बंद दार हे काय सांगतंय हे विचारायला वाट मोकळी. पण एक गोष्ट बजावते, प्रत्येक वस्तू सिम्बॉल नसते. छत्री कधीकधी नुसती छत्री असते. कवितेत ती वस्तू परत परत येते का, किंवा महत्त्वाच्या जागी येते का हे बघून मगच बोला, कशावरून हा प्रश्न इथे पण लागतो.

शब्दांचं मूळ सांगा, पण ओढूनताणून नको

मुलांना शब्दांच्या जन्मकथा फार आवडतात आणि गोव्याच्या मुलांकडे तर याचा खजिनाच आहे. घरात जनेल म्हणतात, बाल्कांव म्हणतात, पाव, चावी, बटाटा हे सगळे पोर्तुगीजांकडून आलेले. मग सांगायचं की काजू पण तसाच, झाड ब्राझीलकडचं, पोर्तुगीजांनी इकडे आणलं आणि इंग्रजीतला कॅशू पण त्याच शब्दावरून. मान्सून हा शब्द अरबीतल्या मौसिमवरून पोर्तुगीजमार्गे इंग्रजीत गेला आणि आपला मोसम त्याच अरबी शब्दाचा. म्हणजे मोसम आणि मान्सून भावंडं. हे सांगितलं की इंग्रजी परकी वाटेनाशी होते, मुलांच्या चेहऱ्यावर ते दिसतं.

नॉव्हेल आणि नव, डेंटल आणि दंत, मॅटर्नल आणि माता, नॉमिनेट आणि नाम, या जोड्या पण द्या. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मूळच्या असाव्यात हे विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत मांडलं होतं, वरच्या वर्गातल्या मुलांना हे जरूर सांगा. आणि अ, दुर्, सु, प्रति हे उपसर्ग आपल्याला येतात, तसेच इंग्रजीत अन, मिस, री, अँटी.

मूळ धातू शिकवताना पोर्ट म्हणजे वाहून नेणं हे घेतलं, पोर्टर, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, पोर्टेबल, तेव्हा एकाने विचारलं, मग मुरगाव पोर्ट? लॅटिनमधे बंदराचा शब्द वेगळा आणि वाहण्याचा वेगळा, जवळचे असले तरी. ते तसंच सांगावं. मूळ हा अंदाज बांधायला आहे, मग वाक्यात अर्थ बसतो का ते बघायचं.

शब्द टिकवायचा कसा

एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली, निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग करून, दाखवलं की शिकलेलं सगळ्यात जास्त सुरुवातीच्या काही तासांत आणि दिवसांतच विसरलं जातं. म्हणून सोमवारी दिलेला शब्द शुक्रवारच्या टेस्टमधे विचारून सोडून देण्यात अर्थ नाही. मी दुसऱ्या दिवशी विचारते, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, प्रत्येक वेळी दोन मिनिटं, तास सुरू होताना. अर्थ विचारत नाही. प्रसंग विचारते. कदंब बस चुकली आणि परीक्षा आहे, तू कसा असशील, अँक्शस की रिलक्टंट? का? असं. उत्तर देताना शब्द तोंडात येतो, आणि तोंडात आलेला शब्दच पुढे हातात येतो, नुसता डोळ्याने बघितलेला येत नाही.

वहीचं मागचं पान शब्दांसाठी ठेवायला सांगा. त्यात शब्द, मुलाच्या भाषेतला अर्थ, मग तो मराठी असो, कोंकणी असो किंवा कन्नड, माझ्याकडे सगळीच मुलं असतात, आणि स्वतःचं एक वाक्य, स्वतःच्या घरातलं, गावातलं. छापील वाक्य उतरवलेलं चालणार नाही हे पहिल्या दिवशीच सांगा. मोबाइलवर अर्थ बघितला तर हरकत नाही, पण तो शब्द वाक्यात कसा वापरलाय तेही बघून यायचं.

उत्तर लिहायला शिकवताना

इथे सगळ्यात जास्त मेहनत आहे आणि आपण इथेच सगळ्यात कमी वेळ देतो. एक नेहमीचं उत्तर बघा: द रायटर हॅज यूज्ड रिपिटिशन टु मेक द स्टोरी इंटरेस्टिंग. हे वाक्य कुठल्याही धड्याला लावता येतं, म्हणूनच ते निकामी आहे. मी मुलांना सांगते, तुमचं वाक्य दुसऱ्या धड्याखाली चिकटवून बघा, तिथेही बसलं तर खोडा.

आता हेच असं: द वर्ड अगेन कम्स ट्वाइस. फर्स्ट इट इज अबाउट द बस, देन इट इज अबाउट आजीज हँड्स. धिस सजेस्ट्स दॅट वेटिंग हॅज बिकम हर हॅबिट. तीन साधी वाक्यं. पहिल्यात काय आहे, दुसऱ्यात नेमकं कुठे आहे, तिसऱ्यात त्यावरून काय कळतं. इंग्रजी पाचवीच्या पातळीची आहे पण विचार मोठ्या माणसाचा आहे.

तिसऱ्या वाक्याचं क्रियापद हा पुन्हा शब्दसंपत्तीचाच भाग. मुलं सगळीकडे शोज लिहितात. त्यांना चार देऊन ठेवा, सजेस्ट्स म्हणजे सुचवतो, इम्प्लाइज म्हणजे न बोलता सांगतो, रिव्हील्स म्हणजे लपलेलं उघड करतो, एम्फसाइझेस म्हणजे ठसवतो. कुठला कधी वापरायचा यावर एक अख्खा तास घालवा. खात्री कमी असेल तर सजेस्ट्स, आधी दडवलेलं आत्ता समोर आलं तर रिव्हील्स. योग्य क्रियापद निवडताना मुलाला परत धड्यात डोकावून बघावंच लागतं, म्हणून हा तास वाया जात नाही.

सुरुवातीला मुलांना उत्तर आधी मराठीत किंवा कोंकणीत बोलू द्या, शेजारच्याला सांगू द्या, मग इंग्रजीत लिहू द्या. बोलून झालेलं लिहायला निम्मा वेळ लागतो. आणि तपासताना मी मार्जिनला दोन खुणा करते, एक विचाराची, एक भाषेची. विचार चांगला आणि व्याकरण चुकलं तर विचाराला पूर्ण बरोबर, भाषेच्या फक्त दोन चुका दाखवते, त्या दिवशी शिकवलेल्या. पान लाल केलं की मूल पुढच्या वेळी सुरक्षित, गाईडमधलंच वाक्य लिहितं, हे मी परत परत बघितलंय आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

मोठ्याने वाचणं सोडू नका

आपल्या गावांत जत्रेला, काल्याला मराठी नाटक असतंच, कला अकादमीच्या नाट्यस्पर्धा असतात, कित्येक मुलांचे काका-मामा तोंडाला रंग लावतात. एकच वाक्य तीन तऱ्हेने म्हटलं की अर्थ तीन होतात हे या मुलांना कोणी शिकवायची गरज नाही. ही विल कम हे वाक्य तिघांना तीन प्रकारे म्हणायला सांगा, खात्रीने, भीतीने, आणि रोज तेच म्हणून कंटाळलेल्या सुरात. मग वर्गाला विचारा, आपल्या आजीचा सूर कुठला, कशावरून? टोन हा शब्द शिकवायला याहून सोपी वाट मला सापडली नाही. एकदा एका मुलाने ते वाक्य इतकं हळू म्हटलं की शेवटच्या बाकापर्यंत पोचलंच नाही, आणि मागून कोणीतरी म्हणालं, टीचर, हाच बरोबर, कारण ती रस्त्याला सांगतेय, माणसाला नाही.

पोर्शनचं काय, असं तुम्ही विचाराल. तास ३५-४० मिनिटांचा, धडे भरपूर, परीक्षा समोर, मला माहीत आहे. मी प्रत्येक धड्यात असं करत नाही. एका धड्यातला एकच तुकडा असा सावकाश घेते, बाकीचा धडा वेगाने वाचून, गोष्ट समजावून, प्रश्नोत्तरं करून पुढे जाते. महिन्याला दोन-तीन तुकडे होतात. पेपरात न बघितलेला उतारा येतो तेव्हा मुलं घाबरत नाहीत, कारण पहिल्या दिवसापासून ती न बघितलेलंच वाचत आलेली असतात.

दिवाळीनंतर मी मुलांनाच तीन वाक्यं लिहायला सांगते, सोप्या इंग्रजीत, घरातल्या एका माणसाबद्दल, आणि त्या माणसाला काय वाटतंय ते शब्दात सांगायचं नाही, हाताने काय करतोय तेवढंच. मग वह्या अदलाबदल करायच्या आणि दुसऱ्याने ओळखायचं, कशावरून ते लिहायचं. गेल्या वर्षी एका मुलाने लिहिलं होतं की बाबा रोज संध्याकाळी होडी पुसतात, होडी मात्र पाण्यात जात नाही. त्याच्या शेजारच्याने खाली पेन्सिलने लिहिलं, ही इज नॉट रेडी टु सेल इट. पहिल्या मुलाने ते वाचलं, थोडा वेळ वहीकडे बघत राहिला, आणि मग मला येऊन विचारलं, टीचर, मी तर विकायचं कुठेच लिहिलं नव्हतं, मग ह्याला कसं कळलं?